अभ्यासिकेच्या गच्चीवरचं चाक

“पुन्हा नापास, शेजवळ मॅडम.” धर्माळे साहेबांनी आकडा वाचला आणि पेनाला टोपण लावलं. “हवा थंड आहे, मी नाही म्हणत नाही. पण कमी आहे, अन् दमट आहे. सोमवारी हेच, मंगळवारी हेच, आज बुधवारी पण हेच. तुमच्या मशीनले अकोला मानवत नाही का?”

मी हवा मोजायचं यंत्र उलटंसुलटं करून पाहिलं, जणू सगळा दोष त्याचाच होता. धर्माळे साहेब भले माणूस होते. संस्थेचे इंजिनियर, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, आवाज कधी चढवायचे नाहीत. त्यांनी ओरडून घेतलं असतं तर बरं वाटलं असतं, असं मला त्या आठवड्यात रोज वाटायचं.

“उद्या चार वाजता येतो,” ते म्हणाले आणि कपाळ पुसत जिना उतरले.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. अकोल्यातल्या एका संस्थेनं स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी नवी अभ्यासिका बांधली होती. दीडशे मुलं, काचा बंद, एसी चालू. बाहेर एप्रिलचं चव्वेचाळीस डिग्रीचं ऊन असताना काच उघडायची कुणाची हिंमत नव्हती. त्यामुळे दिवसभर दीडशे जण एकमेकांनी सोडलेलीच हवा पुन्हा आत घेत बसायचे आणि दुपारी तीनच्या सुमाराला निम्मा हॉल पुस्तकावर गाल टेकून झोपलेला असायचा. बाहेरची ताजी हवा आत आणावी, तर एसी मान टाकायचा. यावर उपाय म्हणून आमच्या कंपनीचं यंत्र गच्चीवरच्या खोलीत बसवलं होतं.

यंत्र म्हणजे लोखंडी पत्र्याची मोठी पेटी, आणि तिच्यात माणसाच्या उंचीचं एक जाळीदार चाक. चाकाचा अर्धा भाग बाहेर जाणाऱ्या हवेच्या वाटेत, अर्धा आत येणाऱ्या हवेच्या. ते सावकाश फिरत राहतं आणि बाहेरची चव्वेचाळीसची हवा आत पोचेपर्यंत एकतीसवर येते. पुढचं काम एसी करतो. यात पाण्याचा थेंब लागत नाही. यंत्र सुरू करायचं, हवा ठरल्याइतकी येते हे साहेबांसमोर मोजून दाखवायचं, ऑपरेटरला देखभाल शिकवायची आणि सह्या घेऊन परतायचं, एवढंच माझं काम होतं. एकटीनं केलेलं माझं पहिलं काम.

गंमत अशी की सकाळी मी एकटी मोजायचे तेव्हा यंत्र पास व्हायचं आणि दुपारी साहेबांसमोर नापास. शाळेत काही मुलांचं असं होतं, पण यंत्राचं होताना मी पाहिलं नव्हतं. शिवाय रोज सकाळी फिल्टर काढला की त्यावर सारवल्यासारखा मातीचा थर. मी तो साफ करायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच थर. शेजारी एक बांधकाम चाललं होतं. तिथल्या मुकादमाशी मी कडाकडा भांडून आले. त्या बिचाऱ्यानं निमूटपणे हिरवी जाळी लावली. थर तरीही पडतच राहिला.

संध्याकाळी पुण्याहून आमच्या कंपनीच्या पाटसकर सरांचा फोन आला.

“आज काय झालं?”

“नापास, सर.”

“शेजवळ, उद्या शेवटची चाचणी. उद्याही नापास झालं तर परवा मी दुसऱ्याला पाठवतो. तू परत ये आणि आपलं टेबल सांभाळ. मी तेव्हाच म्हणत होतो.”

ते तेव्हा काय म्हणत होते, ते मला तोंडपाठ होतं. साईटवर मुलींची सोय नसते, साईटवर मुलींचं कुणी ऐकत नाही. दोन वर्षं मी त्या टेबलावर दुसऱ्यांच्या यंत्रांची चित्रं काढली होती. साईट मिळावी म्हणून हातापाया पडले होते, शेवटी भांडले होते. एकदा परत बोलावणं आलं असतं, तर पुन्हा कुणी मला बाहेर पाठवणार नव्हतं. मी खोलीच्या दारात बसले आणि चक्क रडले.

“म्याडम, पानी घ्या.”

हे वासुदेवभाऊ गावंडे. संस्थेनं यंत्रावर ठेवलेले ऑपरेटर. वय अठ्ठावन्न, अंगात खाकी शर्ट, डोक्यावर पांढरा दुपट्टा. तीस वर्षं त्यांचं कूलरचं दुकान होतं. अर्ध्या अकोल्याला आपण गार झोपवलं, असं ते सांगायचे आणि त्यात फारसं खोटं नसावं. घरोघर एसी आले, दुकान बंद पडलं, आणि मशीनमधलं कळणारा माणूस म्हणून संस्थेनं त्यांना घेतलं. सहा महिने पाहू, मग कायम करू, अशी बोली होती.

“रडू नका, बाप्पा,” ते म्हणाले. “उद्या पास होते पाहा. म्या हाय न.”

ते ‘म्या हाय न’ मला फार धीराचं वाटलं. आता आठवलं की हसू आवरत नाही.

गुरुवारी सकाळी आठ वाजता फिल्टर साफ केला. अकरा वाजता हवा मोजली, ठरल्याइतकी होती. एरवी दीड वाजता मी खाली हॉलमध्ये जायचे, मागच्या बाकावर डबा खायचे आणि साडेतीनपर्यंत त्या थंडाव्यात बसायचे. त्या दिवशी घास उतरेना. मी वरच थांबले, यंत्रासमोर स्टूल टाकून, फिल्टरवरचा दाब दाखवणाऱ्या काट्याकडे बघत. फिल्टर तुंबला की तो काटा चढतो.

दोन वाजून दहा मिनिटांनी काटा हलला. आधी थोडा, मग सरसर वर. आणि त्याबरोबर खोलीत वास आला. ओल्या वाळ्याचा. तसा तो वास रोजच असायचा. खालच्या मुलांना तर तो इतका आवडला होता की मशीनमध्ये अत्तर घातलंय का, असं एकानं मला विचारलंही होतं. मी समजत होते, कुणाच्या तरी घरच्या कूलरचा असेल.

खोलीच्या मागच्या बाजूला, पाण्याच्या टाकीपलीकडे, यंत्राची बाहेरची हवा ओढून घ्यायची जाळी होती. भर दुपारी तिकडे जायचा माझा कधी धीर झाला नव्हता. त्या दिवशी गेले. चपलेतून पाय भाजत होते.

जाळीवर वाळ्याची नवीकोरी ताटी सुतळीनं घट्ट बांधलेली होती, कूलरला लावतात तशी. समोर वासुदेवभाऊ, डोक्यावर ओला दुपट्टा, हातात पाईप. ताटीवर पाण्याची धार चालली होती आणि यंत्र ते पाणी, आणि त्याच्याबरोबर गच्चीवरची सगळी धूळ, जोरानं आत ओढत होतं.

“भाऊ!”

ते इतके दचकले की अर्धी धार माझ्या अंगावर आली.

“तुमी अथी काऊन आल्या उन्हात? चक्कर येईन न!”

“तुम्ही काय करताय हे?”

“ताटी ओली करून राह्यलो,” ते म्हणाले, यात विचारण्यासारखं काय आहे अशा आवाजात. “सायेब चारले येतात. तवापर्यंत हवा गार झाली पाह्यजे न.”

“रोज करता?”

“सोमवारपासून. शनिवारी तुमी मशीन चालू केली तवा म्या पाह्यलं, हवा एकतीस. एकतीसले का गार म्हनते कोनी? म्या म्हनलं, पोरगी एवढ्या दुरून आली, पयलंच काम हाय, सायबासमोर तिची फजिती नाही झाली पाह्यजे. घरून ताटी आनली, वाळा नवा भरला. सायेब गेले की सोडून ठेवतो.” मग माझा चेहरा बघून घाईनं म्हणाले, “मशीनले हात नाही लावला बरं म्या! तुमी चिठ्ठी चिटकवली न, हात लावू नये म्हनून. सारं भाइरूनच केलं.”

मी कपाळावर हात मारून घेतला. “भाऊ, हा कूलर नाहीये हो!”

“तुमीच तं म्हनलं.”

“मी? मी कधी म्हटलं?”

“शनिवारी. तुमी मले शिकवत होत्या न, पंधरा मिनिटं. मले काईच समजलं नाही, खोटं कायले बोलू? म्या इचारलं, म्याडम, म्हंजे हा कूलरच न? तुमी घडी पाह्यली अन् म्हनलं, हो, तसंच समजा. मंग कागद समोर केला. म्या सही करून देल्ली.”

मला ते लख्ख आठवलं. शनिवारी चार वाजले होते, साहेब खाली थांबले होते आणि प्रशिक्षणाचा कागद तेवढा राहिला होता. मी पुस्तकातले पाचसहा इंग्रजी शब्द धडाधड म्हणून टाकले होते. भाऊ मान डोलवत होते. त्यांना कळत नाहीये हे मला दिसत होतं आणि तरीही मी कागद पुढे सरकवला होता. चार दिवस मी मुकादमाशी भांडत होते, धुळीला शिव्या देत होते, आणि यंत्रात पाणी मारायला मीच सांगितलं होतं. त्या उन्हात मला माझी इतकी लाज वाटली की मी वळून टाकीचा नळ बंद केला.

त्याचा अर्थ त्यांनी वेगळा लावला. पाईप खाली पडला.

“म्हंजे माह्यामुळं नापास होत होतं?”

मी हो म्हणून मान हलवली.

“सायबाले सांगसान का?” त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. “सहा महिन्याची बोली हाय माही. अजून दोनच झाले. या वयात मले कोन ठेवन, म्याडम?”

“आधी ताटी सोडा,” मी म्हणाले.

सुतळीची गाठ त्यांच्या हातून सुटेना. मी सोडली. फिल्टर काढून जादाचा कोरडा घातला, चाक फिरतं ठेवून वाळू दिलं. मग पाटसकर सरांना फोन केला.

“कारण सापडलं, सर. ऑपरेटर बाहेरून पाणी मारत होते.”

“पाणी? कमाल आहे!” ते इतके खूश झालेले मी प्रथमच ऐकले. “सुटलीस की मग तू. तेच लिहून दे. ऑपरेटरची चूक.”

“पण सर, मी त्यांना नीट शिकवलं नव्हतं.”

“प्रशिक्षणाच्या कागदावर त्याची सही आहे ना? मग झालं. तू फार विचार करू नकोस.” आणि फोन बंद.

मी फोन हातात धरून उभी राहिले. कागदावर सगळं बरोबर होतं. पाणी त्यांनीच मारलं होतं, सही त्यांचीच होती. चार वाजायला सव्वा तास होता.

“भाऊ, आत या,” मी म्हणाले. “शनिवारचं राहिलंय.”

मी यंत्र बंद केलं, दार उघडलं आणि आम्ही दोघं फरशीवर मांडी घालून बसलो. खरं सांगायचं तर ते चाक मला परीक्षेत लिहिण्यापुरतं समजलं होतं. एखाद्याला समोर बसवून आपल्या भाषेत सांगायचं म्हटल्यावर माझी त्रेधा उडाली. शेवटी मी शब्दांचा नाद सोडला. यंत्र जरा चालवून पुन्हा बंद केलं आणि त्यांचा हात आधी चाकाच्या एका अंगाला लावला, मग दुसऱ्या. एक कोमट, एक गार. ते पुन्हा पुन्हा हात लावून बघत राहिले. त्यांनी विचारलं, मी सांगितलं. ते नाही म्हणाले, मी पुन्हा सांगितलं. बऱ्याच वेळानं ते ‘हां!’ म्हणाले आणि मांडीवर थाप मारून हसले.

पुढचं मला जड गेलं नाही. आधी फिल्टर बघायचा, मग दोन्हीकडच्या झडपा उघडल्या का ते, मग हवा बाहेर टाकणारा पंखा, मग आत घेणारा, आणि शेवटी चाक. आठवड्याला फिल्टर झाडायचा, चाकाला कोरडा ब्रश, पाणी कधीच नाही. त्यांनी हे एकदाच ऐकलं आणि घडाघडा म्हणून दाखवलं. शिवाय चाक सुरू केल्यावर कान टवकारून म्हणाले, “पट्टा ढिला हाय, म्याडम. आवाज आयका न.” मी चार दिवस तो आवाज ऐकत होते आणि मला तो यंत्राचा स्वभाव वाटला होता. त्यांनी चाक फिरवणारा पट्टा दोन बोटं ताणला आणि आवाज गेला.

बरोबर चारला धर्माळे साहेब वर आले.

“आज मशीन वासुदेवभाऊ सुरू करतील,” मी म्हणाले आणि हात मागे बांधून उभी राहिले. तसे हात बांधून उभं राहणं फार कठीण असतं. भाऊंनी फिल्टर पाहिला, झडपा पाहिल्या, एकेक बटण दाबत गेले. चाक बिनआवाज फिरायला लागलं. वीस मिनिटं थांबून साहेबांनी स्वतः मोजलं. हवा ठरल्याहून थोडी जास्तच, तापमान एकतीसच्याही खाली, दमटपणा नाही.

“पास,” ते म्हणाले. मी स्टुलावर बसले. “पण आज कसं झालं हे? तीन दिवस काय झालं होतं, त्याचं कारण लिहून द्या. त्याशिवाय मले सही करता येणार नाही.”

त्यांनी कागद पुढे केला. वासुदेवभाऊ भिंतीकडे तोंड करून पट्ट्याचं झाकण पुसायला लागले. ते आधीच स्वच्छ होतं.

मी लिहिलं. चार ओळी होत्या, पण वेळ लागला. साहेबांनी चष्मा चढवला आणि त्यांच्या सवयीप्रमाणे मोठ्यानं वाचलं.

“‘ऑपरेटरने बाहेरून पाणी मारल्यामुळे फिल्टर तुंबत होता. हे यंत्र म्हणजे कूलरच आहे असे मी त्यांना सांगितले होते. त्यांना प्रशिक्षण दिले नव्हते. प्रशिक्षणाच्या कागदावर मी घाईने सही घेतली. चूक माझी आहे. मृणाल शेजवळ.’”

झाकण पुसणारा हात थांबला. साहेबांनी कागद पुन्हा एकदा मनात वाचला. मग खिशातून फोन काढला, पाटसकर सरांना लावला आणि तो हातात समोर धरला, सगळ्यांना ऐकू येईल असा.

“पाटसकर साहेब, मशीन पास झालं. कारणाचा कागद पण भेटला.”

“हो, हो, ऑपरेटरची चूक. मला कळलं.”

“नाही. तुमच्या मॅडमनं स्वतःची लिहून दिली आहे.”

“साहेब, मी दिलगीर आहे,” सर म्हणाले. “उद्याच तिला परत बोलावतो. तुमच्या संस्थेच्या पुढच्या दोन इमारतींना अनुभवी माणूस देतो.”

मला वाटलं, गेलं. टेबल डोळ्यांसमोर आलं, त्यावरचा दिवासुद्धा.

“नका पाठवू,” धर्माळे साहेब म्हणाले. “माहं ऐका. सव्वीस वर्षं झाली मी सह्या करून राहिलो. छत गळलं, भिंत फाटली, लिफ्ट अडकली, सगळ्याचे कागद माझ्या टेबलावर आले. एकाही कागदावर कोणाचीच चूक नव्हती. हा पहिला आहे. या पोरीनं उद्या मले सांगितलं की हवा बरोबर आहे, तर मी मोजायले गच्चीवर पण येणार नाही. पुढच्या दोन्ही इमारतींना हिलेच पाठवा. दुसरं कोणी आलं तर मी रोज मोजीन.”

“बरं,” पाटसकर सर म्हणाले. एवढंच. त्यांच्या तोंडून आलेला तो सगळ्यात गोड शब्द होता.

साहेबांनी सही केली. मग फोन खिशात टाकला, दाराकडे बघितलं, खाली कुणी ऐकत नाही याची खात्री केली आणि आवाज उतरवून म्हणाले, “आता मले एक सांगा. हे चाक फिरते कायले? शनिवारच्या कागदावर मी पण सही केली होती. समजलं मले पण काही नव्हतं.”

मी तोंड उघडलं, पण वासुदेवभाऊ पुढे झाले. डोळे पुसलेले होते आणि आवाज दुकानात गिऱ्हाईकाशी बोलताना असेल तसा खणखणीत.

“म्या सांगतो, सायेब. हे चाक म्हंजे दारातला हमाल. भाइरची हवा डोक्यावर उन्हाचं ओझं घेऊन अंदर येते. हमाल म्हनते, थांब, हे घेऊन अंदर नको जाऊ. तिच्या डोक्यावरचं ओझं उतरवून घेते. तवाच अंदरची हवा भाइर निंगते, मोकळ्या हातानं. हमाल ते ओझं तिच्या डोक्यावर ठेवून देते. तिले काय फरक पडते? ते तं तशीबी उन्हातच चालली.”

धर्माळे साहेब इतके हसले की चष्मा काढावा लागला.

“हे मॅडमनं शिकवलं तुम्हाले?”

“नाही,” मी म्हणाले. “हे मी आत्ता शिकले.”

वासुदेवभाऊंना कायम करून घेतलं आणि त्यांनी ते यंत्र नऊ वर्षं चालवलं. मी त्यानंतर गावोगावच्या गच्च्यांवर एकसष्ट यंत्रं सुरू केली. प्रत्येक ठिकाणी ऑपरेटरबरोबर फरशीवर बसते, अकोल्याचे वासुदेवभाऊ गावंडे असं नाव घेऊन हमालाची गोष्ट सांगते आणि ती त्या ऑपरेटरनं मला परत सांगितल्याशिवाय कागद काढत नाही. अजून कुणी पाणी मारलेलं नाही.